लाल शिडाची होडी

दुकानात आलेलं माणूस खुर्चीत टेकायच्या आतच चष्मेवाल्याला कळे, की याला लांबचं दिसत नाही की जवळचं. बारीक केलेले डोळे, पाटी वाचताना पुढे येणारी मान, एवढ्यावरून तो नंबराचा अंदाज बांधी आणि तो सहसा चुकत नसे. मुलांशी तर तो फार हळुवारपणे वागे. तक्त्यावरचं अक्षर ओळखता आलं नाही, की मूल चोरून आईकडे पाहतं. अशा वेळी तो म्हणे, "इथे नापास कोणी होत नाही. दिसत नाही म्हणायचं, बस."

घरी त्याची धाकटी, गुंडी, टीव्हीला नाक लावून बसे. बायको एकदा म्हणाली होती, "हिला जरा दुकानात नेऊन बघा ना." त्यावर तो उखडला होता. "दिवसभर दुसरं काय करतो मी? माझ्या घरातलं मला कळणार नाही? लाडावलीय ती." त्यानंतर फळ्यावरचं चुकीचं उतरवलं, चेंडू हातून सुटला, की "लक्ष कुठे असतं तुझं?" हे गुंडीच्या वाट्याला ठरलेलं.

सुटीत चौघं समुद्रकाठी तंबू घेऊन गेली. कड्यावरच्या गवतात, काठ्यांशी बरीच झटापट करून, त्याने तो एकदाचा उभा केला.

"अहो, दार समुद्राकडे हवं होतं," बायको म्हणाली. "तुम्ही ते मोटारीकडे केलंत."

"मोटारीवर नजर राहते."

"हो, पळून जाईल ना ती."

चहाच्या वेळी थोरला मुलगा कड्याच्या कठड्याशी उभा राहून दिसेल ते सांगू लागला. ते बघ दीपगृह. त्या खडकावर पक्षी बसलेत.

"मलापण दिसले," गुंडी म्हणे. दर वेळी दादाच्या मागून, जराशी उशिरा. तिची नजर समुद्राकडे नव्हतीच. ती दादाच्या बोटाकडे पाहत होती.

चष्मेवाल्याने ओठांशी नेलेला कप खाली ठेवला. मुलाला त्याने पाणी आणायला पिटाळलं आणि गुंडीजवळ जाऊन रिकाम्या समुद्राकडे बोट केलं.

"ती लाल शिडाची होडी दिसली का गं?"

गुंडीने डोळे बारीक केले. मान पुढे आली. मग तिने चोरून त्याच्याकडे पाहिलं.

"दिसली, बाबा. छान आहे."

ते चोरून पाहणं त्याच्या रोजच्या ओळखीचं होतं. फक्त आजवर ते कधी त्याच्या दिशेने आलेलं नव्हतं. निदान त्याला तसं वाटत होतं. आपला चष्मा काढून त्याने तो तिच्या नाकावर ठेवला.

"दोन्ही हातांनी धर. घसरेल."

गुंडी कठड्याशी गेली आणि बराच वेळ हललीच नाही.

"बाबा, पाण्यावर रेघा आहेत."

"लाटा आहेत त्या."

"दीपगृहाला खिडकीपण आहे. दादाने सांगितलंच नाही." तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत समुद्र धुंडाळला. "पण होडी कुठे गेली?"

ती त्याच्याकडे वळली होती. बिनचष्म्याच्या डोळ्यांना तिचा चेहरा पुसट दिसत होता. त्यावर काय आहे ते त्याला कळेना.

"होडी नव्हतीच, गुंडे. मी खोटं सांगितलं."

"मग मीपण खोटंच सांगितलं. रागावणार?"

"नाही."

"मी रागावू?"

"रागाव."

गुंडीने विचार केला. "थांबा. आधी सगळं बघून घेते."

बायको तंबूतून बाहेर आली. तिने त्याचं उघडं नाक पाहिलं, गुंडीच्या नाकावरचा चष्मा पाहिला. ती चिडून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त गवतात ठेवलेला कप उचलला आणि त्याचा हात धरून त्यात दिला.

"हा इथे आहे," ती म्हणाली, न दिसणाऱ्या माणसाला सांगावं तशी. "जपून."

त्याने तो घेतला. चहा केव्हाच निवला होता.