लसणाचा घमघमाट

काल संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा घरात मशरूम भाजले. ह्यांना ते मुळीच चालत नसत. "कुत्र्याच्या छत्र्या त्या, माझ्या घरात नकोत," म्हणायचे, म्हणून मी कधी आणलेच नाहीत. ते गेले, त्याला अजून वर्ष व्हायचं आहे.

तव्यावर मशरूमना आधी पाणी सुटलं. ते आटल्यावर मी लोणी, ठेचलेला लसूण आणि बाल्कनीतल्या कुंडीतली ओव्याची पानं चिरून टाकली. कडा तांबूस झाल्या आणि घमघमाट पार जिन्यात पोचला. तेवढ्यात माझी धाकटी नणंद सुमन आली आणि दारातच थबकली.

"वहिनी, दादाला जाऊन वर्ष नाही झालं, आणि तुला हे सुचतंय?"

एरवी मी मान खाली घालून गॅस बंद केला असता. बाई बेचव खायला लागली, की मगच लोकांना तिचं दुःख पटतं. हे कुणी ठरवलं, ठाऊक नाही. निदान मला तरी कुणी विचारलं नव्हतं. मी मशरूम परतत राहिले.

"सुमन, तुझ्या दादासाठी मी रोज रडते," मी म्हटलं. "पण जेवते मी माझ्यासाठी. बस, तुलाही वाढते."

ती बसली नाही. तिच्यामागे दार लावून मी ताट वाढून घेतलं. पहिल्याच घासाला ह्यांची अशी आठवण आली की डोळे वाहू लागले. मशरूम मात्र फार सुरेख झाले होते. रडत रडत मी तवासुद्धा पोळीनं पुसून खाल्ला.