उसळीचे चणे आणि चांदणी

घोडीला उलटी होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? मला नव्हते. घोड्यांच्या हक्कांवरचे चार पानी पत्रक मात्र मीच लिहिले होते.

आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी पत्रके वाचली जातात. बाबांनी मला मुळाक्षरे शिकवली तीही बहुधा 'निषेध' या शब्दावरून. त्यामुळे दादा घोडीवर बसून वरात काढणार हे कळताच मी पत्रक छापले आणि मनीषनगरच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, घरोघरी वाटले. (शेजारच्या काकूंनी त्यावर पापड वाळवले.) दादाने एकही ओळ न वाचता घोडी ठरवली.

लग्नाच्या सकाळी घोडीवाले गुलाबकाका उमरेडहून चांदणीला टेम्पोतून घेऊन आले. पांढरीशुभ्र, लांब पापण्यांची, आणि तोंडाला जाळीचे मुसके! तिला मांडवाशेजारी बांधून काका बँडवाल्यांबरोबर तर्री-पोहे खायला गेले. मी त्या मुक्या जिवासमोर उभी राहिले. कामाच्या ठिकाणी, भरदिवसा, चक्क तोंड बांधलेले! यावर जळजळीत लेख झाला असता, पण हाताशी कागद नव्हता. म्हणून मी मुसके सोडले आणि पाहुण्यांच्या उसळीसाठी भिजवलेल्या चण्यांची बादली तिच्यापुढे ठेवली.

तिने बादली चाटूनपुसून साफ केली. मी तिच्या मानेवर हात ठेवून म्हटले, "हा तुझा हक्क आहे." (तिने साधा ढेकरही दिला नाही. घोड्यांना तेही जमत नाही, हे मला नंतर कळले.)

दोनेक तासांनी चांदणी पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघू लागली. मला वाटले, जागृती येते आहे. काकांनी तिच्या पोटाला कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय चारलं वं हिले?"

"थोडे चणे."

"थोडे म्हंजे किती?"

तेवढ्यात आत आई विचारत होती, "उसळीची बादली कोणं नेली?" मला उत्तर द्यावे लागले नाही.

काकांनी धरमपेठेतल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते लगेच निघाले. पण येईपर्यंत तिला बसू द्यायचे नाही, लोळू द्यायचे नाही, आतड्याला पीळ पडला तर घोडी हातची जाईल. हळूहळू चालवत राहा आणि लीद पडते का ते बघा, असे त्यांनी बजावले. काका मला रागावले नाहीत, हेच जास्त लागले. दोरी सोडता सोडता ते एवढेच म्हणाले, "खायले हावरी आहे, म्हणून तोंड बांधून ठेवतो, पोरी. सात वर्सं झाले, माह्यासंगच आहे."

चांदणी मात्र जागची हलेना. आयुष्यभर वरातीत चाललेली घोडी ती, बँडशिवाय पाऊल कसले उचलते! शेवटी मांडवात आडवे झालेले बँडवाले उठवले. काकांनी त्यांना धीमी चाल धरायला सांगितली. पहिला सूर निघताच चांदणी शहाण्यासारखी चालू लागली.

बँड ऐकून दादा अर्ध्या शेरवानीत धावत आला. "माह्याशिवाय वरात काहून काढली?" प्रकार कळल्यावर तो माझ्याकडे न बघता दोरी धरून काकांबरोबर चालू लागला. नवरदेव, घोडी, बँड एकत्र दिसल्यावर लेआउट थोडाच गप्प बसणार? बायका ताटे घेऊन बाहेर आल्या. ताटात कुंकू, आणि घोडीला चारायला भिजवलेली चण्याची डाळ! मी दोन्ही हात पसरून आडवी आले. कोणीही काहीही चारू नका, म्हणून गयावया करू लागले.

"अवं, घोडीले उपाशी ठेवतात म्हणून तूच लिहिलं होतं ना?" पापडवाल्या काकू म्हणाल्या.

"सुधारित आवृत्ती काढून राहिली मी," मी म्हटले.

डॉक्टर आले, इंजेक्शन दिले, आणखी चालवा म्हणाले. आठव्या फेरीपर्यंत सगळा लेआउट एका शेपटीकडे डोळे लावून बसला होता. बाबा घोषणा दिल्यासारख्या मोठ्याने फेऱ्या मोजत होते. नवव्या फेरीला, आमच्या मांडवासमोर, आईने पहाटेपासून काढलेल्या रांगोळीवर चांदणीने शेपटी उचलली. बँड थांबला. काकांनी वाकून पाहिले, दुपट्ट्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "पडली."

आईने त्या रांगोळीला हात जोडले.

डॉक्टरांनी दिवसभर चांदणीच्या पाठीवर कोणाला बसवायचे नाही, असे सांगितले. दादा पायी बोहल्यावर गेला. मंगल कार्यालयात सगळे म्हणत होते, केवढे पुरोगामी घर, घोडीवर अन्याय नको म्हणून नवरदेव चालत आला! मी नम्रपणे मान झुकवून प्रत्येकाचे अभिनंदन स्वीकारले.

तेव्हा एक विनंती आहे. लग्नात घोडी दिसली, तर तिच्या मालकाला विचारल्याशिवाय तिला एक दाणासुद्धा चारू नका. आणि मला आमंत्रण देणार असाल, तर आल्या आल्या अक्षता वाटायला लावा. दोन्ही हात गुंतलेले असले, की माझ्या तत्त्वांपासून कोणाच्याही जिवाला धोका नसतो.