शुद्ध भाषेतली बातमी

हे कोणाला सांगायचं नाही, असं आईने मला दोनदा बजावलंय. पण आता पोटात राहत नाही, काय करू? माझ्या हातून एका माणसाच्या मरणाची बातमी फुटली. तीही अगदी शुद्ध भाषेत.

पेणकरपाड्याला आमच्या समोरच्या दारात सोनवणे आजोबा राहायचे. त्यांना एस्पेरांतो यायची. कुठल्याच देशाची नसलेली, मुद्दाम बनवलेली भाषा आहे ती. तिच्यातून ते हंगेरीतल्या लास्लो नावाच्या मित्राला चाळीस वर्षं पत्रं लिहीत होते, अलीकडे ईमेलवर. मलाही त्यांनीच शिकवायला घेतलं. पुढचं मी व्हिडिओ बघून शिकले आणि, खोटं कशाला बोलू, त्यांच्या पुढे गेले.

दिवाळीनंतर आजोबा वारले. त्याच आठवड्यात लास्लोंच्या मुलीचा मेल आला. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, ते पत्राची वाट बघतायत.

सोनवणे आजी म्हणाल्या, "दोन महिने तूच ह्यांच्या नावाने लिही. त्याला आत्ता धक्का नको."

मी आधी आजोबांची जुनी पत्रं वाचली. आई शप्पथ! इंग्रजी वाक्प्रचार ते शब्दाला शब्द लावून एस्पेरांतोत बसवायचे. पाऊस धो-धो कोसळला की त्यांच्या पत्रात आभाळातून मांजरं-कुत्री पडायची. सोपं काम म्हणजे केकचा तुकडा. बिचारे लास्लो हे इतकी वर्षं कसं वाचत असतील? मला दया आली. तुम्हाला नसती आली?

मग मी सगळं नीट केलं. गुडघेदुखी, पाण्याचा टँकर, घोडबंदरचा ट्रॅफिक, आजींनी जे जे सांगितलं ते अस्सल एस्पेरांतोत लिहिलं. प्रत्येक वाक्य शब्दकोशात तपासलं. खाली आजोबांचं नाव टाकलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आजींना वाचून दाखवायचं होतं, तर मी पहिल्याच ओळीवर अडले.

"काय म्हणतोय?"

"भाषा छान आहे, म्हणतात."

"कोणाची? ह्यांची?" आजींनी चष्मा काढला. "पुढचं वाच."

मी वाचलं. "पत्रात एकही चूक नाही. माझा मित्र कधी गेला?"

आजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "तारीख कळव त्याला."

कळवली. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. आता हंगेरीहून दुसरी बातमी येणार, असंच वाटत होतं.

आला तो लास्लोंचाच मेल. खूप रडले, पण बरे आहेत. महिन्याला एक पत्र त्यांना हवंच आहे. अट एकच, त्याच्यासारखं लिही.

तेव्हापासून मी चुकायला बसते. परवा दोन तास खपून एक वाक्प्रचार बिघडवला आणि पाठवला. त्यांनी लिहिलं, प्रयत्न ठीक आहे, पण इतकं वाईट लिहायला चाळीस वर्षं लागतात.

"सई, ये गं जरा इकडे."

आले, आजी. तर काय सांगत होते, चुकण्यात माझी पातळी अजून कच्चीच आहे.