साडेसातचा तारा

फोन दुपारी आला, मधूकडे स्वयंपाकाला येणाऱ्या शेवंताबाईंचा. "नाना, सर गेले," एवढंच म्हणाल्या. मी त्यांनाच दटावलं, "काहीतरीच काय! काल संध्याकाळी तर ठणठणीत होता." आज सहा आठवडे झाले, त्या वाक्याची मला लाज वाटते...

मधू आणि मी एकाच कॉलेजात शिकवायचो. तो भौतिकशास्त्र, मी मराठी. त्याची बायको गेल्यावर मी रोज संध्याकाळी साडेसातच्या ठोक्याला गारखेड्यातल्या त्याच्या गच्चीवर हजर व्हायचो. वक्तशीरपणाचा केवढा तोरा होता मला! माझ्याशिवाय तो दुर्बिणीचं झाकण काढत नसे. मी आलो की कॅमेरा लावून एका श्वेतबटूचा, म्हणजे जळण संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याचा, उजेड एकदा मोजायचा, मग आम्ही पत्ते कुटायचो. "ह्याचं चुंबकत्व जबर आहे नाना, त्यामुळं अंगावर काळसर डाग असणार. फिरताना डाग समोर आला की उजेड उतरंल. त्यावरून गिरकीचा वेळ काढायचा." मी मान डोलवून चहा प्यायचो.

हिवाळाभर आलेखाची रेघ सपाट. मधू हिरमुसला. मग एकदा गुलमंडीत नातीच्या बारशाचं कापड घेता घेता मला तासभर उशीर झाला. मधू थांबला होता. त्या दिवशी मोजलं तर तारा चक्क मंद!

"आपण दोघं बी गाढव," तो हसून म्हणाला. "रोज एकाच टायमाला बघितलं. चोवीस तासांत तो पुऱ्या गिरक्या मारून त्या वेळेला बरोबर तेच तोंड आपल्याकडं करायचा."

मीही हसलो होतो.

दहाव्यानंतर शेवंताबाई बोलल्या. "दुपारी लई धाप लागायची सरांना. बसूनच ऱ्हायचे. सांज झाली की दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे. म्हणायचे, नानाला यातलं काय बी कळू द्यायचं नाय." मला आधी मधूचा संताप आला. एवढ्या वर्षांचा दोस्त मी, आणि माझ्यापासून लपवतो? मग कळलं, संध्याकाळ सोडून इतर कुठल्याही वेळी मी कधी गेलोच नव्हतो.

काल पहिल्यांदा दुपारी तीनला गेलो. शेवंताबाईंनी कुलूप काढलं. गच्चीच्या जिन्यात, वळणावर, प्लास्टिकचं स्टूल होतं. मी कधीच पाहिलं नव्हतं.

"दम घ्यायला बसायचे तिथं," त्या म्हणाल्या. "तुम्ही यायच्या आधी मी उचलून ठेवायचे."

मी वर गेलो नाही. साडेसात वाजेपर्यंत त्या स्टुलावर बसून राहिलो.