टाकीमागचा राउटर

नळकाकांनी पस्तीस वर्षं पाणीखात्यात काढली. जगातल्या प्रत्येक अडचणीच्या मुळाशी दाब असतो, हे मत त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलं नाही. घरात राउटर आला तेव्हा तो कुठे बसवायचा याबद्दल त्यांनी कुणाला तोंड उघडू दिलं नाही. स्वतः शिडी लावली, माळ्यावर चढले आणि पाण्याच्या मोठ्या स्टीलच्या टाकीमागे, छताला लागून फळी ठोकून तो बसवला. उंचावरून येईल ते जोरात येईल, एवढी साधी गोष्ट लोकांना कळत नाही याचं त्यांना वाईट वाटलं. तेव्हापासून तीन वर्षं सूनबाई ऑफिसचं काम जिन्यात बसून करत होती, आणि नळकाका दर सोमवारी इंटरनेट कंपनीला फोन करून त्यांना फैलावर घेत होते.

त्या दिवशी मात्र प्रकरण गळ्याशी आलं. काकू शिवणकाम शिकवायच्या. डोळे अधू व्हायच्या आधी त्यांनी दोनशे बारा धड्यांचे व्हिडिओ केले होते, शिकणाऱ्या मुलींना ते पाठवायच्या, पण सगळे मिळून आता फक्त बाहेरच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर उरले होते. सकाळी दुरुस्तीवाल्याने त्याची खरखर कान लावून ऐकली.

"चालू आहे तोवर काढून घ्या. बंद पडला की पुन्हा उठायचा नाही," तो म्हणाला.

पेन ड्राइव्ह लावायची भोकं केव्हाच निकामी झाली होती. वाट एकच, घरच्या वायफायवरून आतल्या खोलीतल्या सूनबाईच्या लॅपटॉपवर. त्यात सहा वाजता वीज जाणार अशी नोटीस खाली दारावर लागलेली.

"मला आता सुई ओवता येत नाही. पुन्हा कुठून करणार मी हे," काकू म्हणाल्या आणि खुर्ची ओढून कॉम्प्युटरशेजारी बसल्या.

बारा वाजता फाइली निघाल्या. पडद्यावर उरलेला वेळ उमटला: एकोणीस तास. नळकाकांनी सोमवार नसतानाही कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी त्यांना आवाजावरून ओळखायची.

"काका, आज आमचा काही संबंध नाही. फाइल तुमच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातेय. ती घराबाहेर पडतच नाही."

नळकाकांनी फोन ठेवला. मीटरच्या पलीकडचं आमचं, अलीकडचं तुमचं, हे वाक्य त्यांनी पस्तीस वर्षं लोकांच्या तोंडावर मारलं होतं. ते इतकं झोंबतं हे त्यांना माहीत नव्हतं.

पण माणूस हाडाचा नळवाला. पाणी कुठे अडतंय हे शोधायचं तर टप्प्याटप्प्याला बादली लावून बघायची. बाह्या जोडायचा धडा ही त्यांनी बादली ठरवली आणि घड्याळ हातात घेतलं. राउटर टाकीमागे असताना तो धडा पोचायला पाच मिनिटं लागली. टाकीच्या पुढे आणल्यावर दोन. शेवटी लांब वायर ओढून राउटर दोन खोल्यांच्या मधल्या स्टुलावर ठेवला, तर पाऊण मिनिट. तेव्हा दोन वाजले होते.

"टाकी आडवी येत होती," नळकाका म्हणाले. दोष टाकीचाच, असा त्यांचा सूर होता. सूनबाई तोंडाला पदर लावून आत गेली.

त्यानंतर त्यांनी स्टुलाजवळून कुणाला फिरकू दिलं नाही. पाचला दहा कमी असताना शेवटचा धडा पोचला.

"नीट उतरलाय का बघा," काकूंनी सांगितलं. नळकाकांनी लॅपटॉपवर तो लावला. पडद्यावरच्या काकू कॉलर कापता कापता बोलत होत्या.

"मुलींनो, धडे उशिरा पोचतात कारण आमचा राउटर टाकीमागे आहे. मधल्या खोलीत ठेवा, असं कंपनीचा माणूस मला सांगून गेला होता. पण निवृत्त झाल्यापासून आमच्या ह्यांनी हौसेने केलेलं ते एकच काम आहे. तेव्हा जरा दमाने घ्या."

नळकाकांनी व्हिडिओ थांबवला. त्यांना भयंकर लाज वाटली, आणि बायकोबद्दल माया दाटून आली.

"तीन वर्षं बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"शिडीवरून उतरलात तेव्हा केवढे खूश होतात तुम्ही," काकू म्हणाल्या.