मुंबई ते गुवाहाटी : विमानाचे तीन तास

मुंबईहून गुवाहाटी दोन हजार किलोमीटरच्या वर आहे, आणि थेट विमानाला साधारण तीन तास लागतात. हे आकडे मी वर्षभर मनात धरून बसले होते.

मागच्या मार्गशीर्षात सकाळी अकराला हे गेले. आमचा एकुलता एक मुलगा संतोष आसामात, तेजपूरच्या पुढे पुलाच्या कामावर. पाचपर्यंत त्याची वाट पाहिली, मग पुतण्याने अग्नी दिला. संतोष पोचला दुसऱ्या दुपारी. थोरले दीर त्याला तोंडावर म्हणाले, "इमान तीन तासाचं, अन् तू आत्ता उगवतो व्हय?" तो बॅग ठेवून आत गेला. मीही त्याची बाजू घेतली नाही. नंतर आमचे फोन जेवणखाण आणि हवेपुरते उरले. यंदा भात घरात आला आणि मी ठरवलं, आपण एकदा जाऊन बघायचं.

मळवलीहून सकाळच्या लोकलने लोणावळा, तिथून बोरिवलीच्या एसटीने पार्ले. बायकांना अर्धं तिकीट पडतं. पुढे रिक्षा. विमानतळावर दोन तास आधी पोचा आणि डबा घरून न्या. तिथला चहा घेऊन मी पस्तावले. बॅगेला पंधरा किलोची मुभा होती, त्यात सात किलो इंद्रायणी तांदूळच होता. शेजारच्या बाईंनी पट्टा लावून दिला, एकट्याच का म्हणून विचारलं. हो म्हटलं. ढग खाली गेले तेव्हा ह्यांना बघा म्हणायला कोपर हललं, पण शेजारी त्या बाई होत्या.

उतरले तेव्हा सव्वापाच झाले होते आणि बाहेर काळोख. तिकडे दिवस लवकर मावळतो. आमच्या लोहगडावर त्या वेळी अजून ऊन असतं.

संतोषने लॉजची खोली सांगून ठेवली होती. सकाळी त्याच्या कामावरची गाडी आली. ड्रायव्हर बिपुल, तिकडचाच. मला वाटलं होतं, उतरलं की पोचलोच. पण पुढे सात तासांचा रस्ता होता. आधी चहाचे मळे, मग धुकं, उखडलेली सडक, मालट्रकच्या रांगा. दुपारी एका टपरीवर मोहरीच्या तेलातले मासे आणि भात खाल्ला. तिथे बिपुल म्हणाला, हे गेले त्या दिवशी संतोषसाहेबांना विमानतळाकडे त्यानेच नेलं होतं.

"पूरे रास्ते बोलते रहे, तेज़ चलाओ। पाँच बजे घर से फ़ोन आया। फिर बोले, अब धीरे चलाओ।"

माझा घास तसाच राहिला. बिपुलने पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी तिथे चार दिवस राहिले. संतोषने नदी दाखवली, अर्धा झालेला पूल दाखवला. मी भात शिजवायची, तो दोनदा वाढून घ्यायचा. जायला थंडीच बरी, पण स्वेटर जाड घ्या. बिपुल बोलला तो विषय मला चारही दिवस संतोषजवळ काढता आला नाही.

घरी आले, कुलूप काढलं. ओटीवर धूळ साचली होती. पोचल्याचं कळवायला फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"पोचले रे," म्हटलं. मग म्हटलं, "लय लांब हाय. त्या दिशी तू लगेच निघाला व्हतास, मला कळलं."

पलीकडे तो रडायला लागला. बापाच्या दहाव्यालाही तो रडला नव्हता. मी उंबऱ्यावर बसले आणि त्याचं होईस्तोवर फोन कानाला धरून ठेवला.