माहेरचं हिरवं इरकल

"आधी उलटं करून बघाया पायजे," ती म्हणायची. जुनं लुगडं पुढ्यात टाकलं की ती काठाकडे, पदराकडे बघायचीच नाही. झटकून उलटं करायची, नाकाशी धरायची आणि मग बोटाने विरलेल्या जागा चाचपत बसायची. मी शाळेतली बाई, मला साडेदहाची घंटा गाठायची असायची. मी ओरडायचे, "मावशी, गाळणी द्यायची तर द्या, नाहीतर माझे कपडे परत करा!" ती मान वर न करता म्हणायची, "थांबा की ओ बाई. माणूस हाय ह्यात."

परभणीत आमच्या गल्लीत ती डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन यायची. जुने कपडे घ्यायचे आणि भांडं द्यायचं, हा तिचा धंदा. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. "काही नाही, पुढे जा," म्हणून दारातूनच हाकलल्याही असतील. मीही हाकललंय, त्यामुळे मी काही तुमच्याहून भली नाही. पण तिने जपलेल्या लुगड्यांना 'चिंध्या' म्हणणारा माणूस भेटला की माझ्या तळपायाची आग आजही मस्तकात जाते.

पँटी, शर्ट, गोल साड्या ती पुढे विकून टाकायची. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी बायका नेसायच्या ती नऊवारी लुगडी आणि खणाच्या चोळ्या मात्र तिने कधी विकल्या नाहीत. घरी पत्र्याची मोठी पेटी होती, तिच्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची. मुलगा कुरकुर करायचा, "ऱ्हायाला जागा न्हाई घरात, आन हिचं गोदाम." ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

एकदा तिने मला एक चोळी दाखवली. "ही बाई डावखुरी. डावी बाही बघा कशी झिजलीय." मग एका पदराचं टोक माझ्या हातात दिलं. "ह्ये चावलेलं हाय. सासूपुढं तोंड उघडायची चोरी. मंग राग काढायचा कशावर? पदरावर!"

"मावशी, थापा मारता तुम्ही."

"थापा मारायला मला येळ हाय का? पाटी रिकामी व्हायचीय अजून."

थापाही असतील. आमच्या समोरच्या घरातून तिला एक जांभळं लुगडं मिळालं होतं. त्याची कथा तिने मला महिनाभर ऐकवली. ही बाई ढांगा टाकत चालायची, कुणाच्या बापाला भ्यायची नाही, नवऱ्यालाच दटावून असायची वगैरे. पुढे त्या घरचे आजोबा सोनपेठहून मुलाकडे राहायला आले. तिने मला दाखवायला आणलेलं ते लुगडं बघून म्हणाले, "अगं, हे तर माझं! गावच्या नाटकात बाईचं काम मीच करायचो की." मी हसून हसून भिंतीला टेकले. तिचं तोंड दोन मिनिटं एवढंसं झालं. मग म्हणाली, "मंग काय झालं? नेसल्यावर बाईच की. आन भेत न्हवता, ह्ये खरं का न्हाई?" आजोबा म्हणाले, खरं आहे. त्या दिवशी त्यांना माझ्याच घरी चहा पाजावा लागला.

पेटीच्या तळाशी एक हिरवं इरकल लुगडं होतं, लाल काठाचं. त्याच्याबद्दल ती काही रचून सांगायची नाही. खूप विचारल्यावर एवढंच म्हणाली, "आईचं हाय."

तिचं माहेर चारठाण्याचं. आई गेली तेव्हा हिला निरोप उशिरा मिळाला. ही पोचेपर्यंत भावजयीने सासूची सगळी लुगडी एका भांडेवालीला देऊन स्टीलची घागर घेतली होती. माणसाची राख सावडून झाली नाही तोवर घागर! हिने त्या भांडेवालीचा माग काढला, जिंतूरच्या स्टँडवर तिला गाठलं आणि आपल्या पाटीतलं पातेलं आणि दोन डबे देऊन हे एक लुगडं परत आणलं. "भांड्यावर सोडवून आणली आईला," असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं वस्त्र माहेरचं पडतं. भाऊ आणतो, भाऊ नसला तर भाचा. हिचा भाऊ कधीच गेलेला, भाचा ओळख देत नव्हता. "माझ्या माहेरात कुणी उरलं न्हाई, बाई," ती म्हणाली. "म्हणून म्या माझं आधीच आणून ठिवलंय. मी मरंन तवा ह्येच टाकायचं, पोराला सांगून ठिवलंय."

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी जे केलं ते आता सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मी निवृत्त झाल्यावर आमच्या शाळेत एक नवी बाई आली. स्नेहसंमेलनात मुलींचा जुन्या वेशातला नाच बसवायचा होता. भाड्याचे चकचकीत कपडे नकोत, खरी लुगडी हवीत, असं ती म्हणाली. मला केवढा आनंद झाला! चला, कुणाला तरी कदर आहे. मी तिला घेऊन थेट मावशीच्या घरी गेले. मावशीने पाच लुगडी काढून दिली. नव्या बाईची नजर हिरव्यावर गेली. मावशी म्हणाली, "ते नगं."

आणि मी, अतिशहाणी मी, म्हणाले, "मावशी, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. माझा शब्द."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हिरवं उचलून माझ्या हातात दिलं.

आठ दिवसांनी नवी बाई माझ्या दारात आली. हातात पिशवी, चेहरा फुललेला. "मुलींना नेसता येईना हो, म्हणून सहाही शिवूनच घेतली. इलॅस्टिक आहे, मागे चेन आहे. आता कायमची सोय झाली! शिलाई मीच दिली, मावशींना माझ्याकडून भेट."

मी पिशवी उपडी केली. हिरवं इरकल पायजम्यासारखं कातरलेलं होतं. निऱ्या मशीनवर दाबून बसवलेल्या, पदर वेगळा कापून खांद्याला टाचलेला. मी त्या पोरीला नको नको ते बोलले. ती रडायला लागली. "मला कुणी सांगितलंच नाही, बाई," म्हणाली. खरंच, तिला कोण सांगणार होतं? सांगायचं काम माझं होतं. ती वाईट मनाची असती तर बरं झालं असतं, मनसोक्त चिडता तरी आलं असतं.

मी पिशवी मावशीपुढे ठेवली. तिने हिरवं उलगडलं. चेन वर ओढली, खाली ओढली.

"कोण्या पोरीनं नेसलं व्हतं?"

"नववीतल्या कुणीतरी."

"नाचली का चांगली?"

"नाचली."

"बरं झालं."

"अहो, शिव्या तरी घाला मला!" मी ओरडले. आजूबाजूची माणसं दारात आली.

"तुमाला कशाला शिव्या घालू? तुमी इचारूनच नेलं व्हतं."

दोघींनी मिळून ब्लेडने टाके उसवले. पण उसवून काय होणार, कातरलेलं कापड काही जुळत नाही. तिने तुकड्यांची घडी घातली आणि पेटीत ठेवून दिली. त्यानंतरही ती गल्लीत यायची. कपडे घ्यायची, न बघताच गाठोड्यात कोंबायची, भांडं द्यायची आणि निघून जायची. मला घाई नसायची तेव्हा. मी मुद्दाम विचारायचे, "मावशी, ही कोण असेल हो?" ती म्हणायची, "असंल कुणीतरी."

यंदा संक्रांत झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली. सकाळीच तिचा मुलगा बोलवायला आला. मी पोचले तेव्हा अंघोळ घालून झाली होती, बायका भोवती बसल्या होत्या. मुलाने पेटीतून हिरवे तुकडे काढून आणले. एक म्हातारी म्हणाली, "आसं कातरलेलं चालत न्हाई रं. अखंड लागतं." मुलाने तिच्या भाच्याला फोन लावला. भाचा म्हणाला, "ड्युटी आहे, यायला जमणार नाही. तिथंच काहीतरी घ्या माझ्या नावानं." त्याच्या नावाने! फोन माझ्या हातात असता तर त्याला मी चांगलंच सुनावलं असतं.

मी उठले आणि बाजारात गेले. कापडाचं दुकान नुकतंच उघडत होतं. इरकल म्हटल्यावर दुकानदाराने दोन-तीन ठिकाणी माणूस पाठवला, शेवटी एक हिरवं मिळालं. काठ लाल नव्हता, मरून होता. ते काखेत मारून परत आले.

"माहेराकडून कोण आलंय?" म्हातारीने विचारलं.

"मी आलेय."

"तुमी? तुमी तर शाळंतल्या बाई. तुमी हिच्या कोण लागता?"

"कुणी लागत नाही," मी म्हणाले. आवाज चढला होता, आणि मला तो उतरवायचाही नव्हता. "हिचं माहेर मी घालवलंय. सरका."

बायका सरकल्या. मी घडी मोडली आणि लुगडं तिच्या अंगावर घातलं. पायांवरून नीट केलं, तिचे पाय थंड होते. मग तिथेच, सगळ्यांच्या देखत, तिला म्हणाले, "मावशी, विचारायचं राहिलं. चालेल ना?"